मुलं किती?

हॅटन स्टेशनवरून गाडी हलली तरी सेल्वी आईचा हात सोडेना. पोटुशी पोर खिडकीलगत धावू लागलेली पाहून वळ्ळियम्मानंच आपला हात सोडवून घेतला.

मायलेकींचा जन्म लंकेतल्या एकाच चहामळ्यातला. पण मळ्यांतले तमिळ मजूर वाटून घेणाऱ्या दोन सरकारांच्या करारात वळ्ळियम्मा आणि तिचा नवरा भारताच्या वाट्याला आले. सेल्वी सासरच्या माणसांबरोबर लंकेच्या. आगगाडीनं तलैमन्नार, तिथून बोटीनं रामेश्वरम. वाटेत वळ्ळियम्मा एकदाच बोलली, "बाळंतपणाला तिच्याजवळ कोण असेल हो?"

नवऱ्यानं बोचक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

रामेश्वरमच्या धक्क्यावर कारकुनानं फॉर्म पुढे ओढला. "मुलं किती?"

"एक मुलगी."

"बरोबर आली आहे?"

"तिकडेच राहिली."

"मग इथे शून्य लिहायचं, अम्मा."

"अहो, पण ती आहे," वळ्ळियम्मा म्हणाली. "पुढच्या महिन्यात तिला बाळ होईल. एक लिहा."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मागच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं. मग मान खाली घालून शून्य काढलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

त्या शून्याखाली वळ्ळियम्मानं अंगठा उठवला.