मशीनची पूजा

"अगं, मळके कपडे आत टाकू नकोस! मशीन खराब होईल," आमचे हे ओरडले.

भंगारातून आणलेलं जुनं वॉशिंग मशीन ह्यांनी वर्षभर खपून दुरुस्त केलं होतं. बायकोची मनगटं धुण्यानं कामातून गेली, तिच्यासाठीच हे सगळं, असं अख्ख्या आळीला सांगून झालं होतं.

मग काय, ह्यांचे सदरे मी आधी हातानं धुतले आणि मशीनमध्ये टाकले. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, मशीन घरघरलं. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सदरे बाहेर आले ते गंजाचे डाग घेऊन.

"पण चाललं की नाही झकास?" हे म्हणाले. "डाग तेवढे तू हातानं घासून टाक."

मी मोरीतलं कपडे बडवायचं धोपटणं आणलं, त्याला कुंकू लावलं आणि सर्वांदेखत ह्यांच्या हातात दिलं.

"पूजा झाली. आता हे चालवून दाखवा."