हार्डरची काच

आमच्या उत्तर जर्मनीतल्या होल्स्टाइनात पूर्वी कुणी नवं घर बांधलं, की शेजारी आपापलं नाव रंगवलेली काच खिडकीसाठी द्यायचे आणि घरधनी त्यांना बिअर पाजायचा. आमच्या खापरपणजोबांचं शेजारच्या हार्डरशी विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांनी हार्डरला बिअर पाजली, पण त्याची काच नेऊन बसवली डुकरांच्या गोठ्याला. "तिथंच त्याचं नाव शोभतं," म्हणाले. पुढे आग लागून घर गेलं, गोठा तेवढा वाचला.

आता गावानं तो जुनी वास्तू म्हणून जपलाय आणि हार्डरांचीच वीबके तो पाहुण्यांना दाखवते. काल मीही त्या घोळक्यात होतो.


माझ्याकडे बघत ती सगळ्यांना म्हणाली, "यांचे पूर्वज इथं राहायचे. आमच्या माणसांना दया आली, म्हणून निदान खिडकीला काच तरी मिळाली."