मे महिन्यातलं घर

चिपळूणच्या दमट हवेत मंदाकिनीबाईंचा दमा बळावत चालला होता. गेल्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. शेवटी डॉक्टरांनी कोरड्या हवेचं गाव बघायला सांगितलं. बाईंनी आटपाडी ठरवली आणि भर मे महिन्यात तिथे घर बघायला गेल्या.

"अवो, लोकं थंडीत येत्यात," घरमालकीण शेवंताबाई म्हणाल्या. "ह्या उन्हात कुणाला घर आवडंल?"

"थंडीत कुठलंही गाव आवडतं. मला इथला उन्हाळा सोसतो का, ते बघायचंय."

बाई आठवडाभर तिथेच राहिल्या. अंग भाजून निघालं, नाकातून रक्त आलं, दुपारभर दाराला ओली चादर बांधून बसावं लागलं.

चिपळूणहून मुलाचा, उन्मेषचा फोन आला. "आई, पुरे झाला हट्ट. घरी ये."

बाईंनी त्याला उन्हाची, धुळीची, भाकरी आणून देणाऱ्या शेवंताबाईंची सगळी हकिकत रंगवून सांगितली.

"आई," उन्मेष हळूच म्हणाला, "इतकं बोललीस, पण एकदाही धाप लागली नाही गं."

बाईंच्याही ते आत्ताच ध्यानात आलं. त्यांनी डोळे पुसले.

"उन्मेष, आपला देव्हारा नीट बांधून इकडे पाठवून दे."