प्लॅस्टिकचं वेष्टन

लपवलेल्या वस्तू जीपीएसवर शोधण्याचा खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांसाठी शालन आणि सुधन्वा या जोडप्याने टेकडीवर एक डबा लपवला होता. आज दगड सरकवून पाहिलं, तर कचरा संपवण्यासाठी हवेत सोडलेल्या जीवाणूंनी त्याचं जाड प्लॅस्टिक पार फस्त केलं होतं.

"आता स्टीलचाच ठेवू, म्हणजे शंभर वर्षं बघायला नको," सुधन्वा म्हणाला.

शालनने त्याच्या छातीकडे पाहिलं. त्याच्या पेसमेकरच्या तारांवरही प्लॅस्टिकचंच वेष्टन होतं, आणि ते जीवाणू आता माणसांच्या रक्तात सापडू लागले होते. "दुसरं काही बसवता येईल ना?" असं तिने सकाळी फोनवर विचारलं, तेव्हा डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते.

सुधन्वा उठला आणि धापा टाकत पुन्हा खाली बसला.

"चढ झेपला नाही गं आज," तो हसत म्हणाला.

शालन त्याच्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत राहिली.