क्रमांक एक

निळ्या रेग्झिनची खुर्ची. उजव्या हाताशी रेग्झिन फाटलंय, तिथे चिकटपट्टी.

लागोपाठ दोन पाळ्या चुकल्यास नाव यादीतून वगळावे. क्रमांक पाच.

वहिनीचे चार मिस्ड कॉल.

रुग्ण इस्पितळात दाखल असल्यास चुकलेल्या पाळ्या धरू नयेत. क्रमांक एक.

सुजलेला पाय. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो.

पाचव्या कॉलला तिनं फोन उचलला.

"अगं, आहेस कुठे? डायलिसिसच्या खिडकीवर उभे आहोत आम्ही. तो म्हणतो, यादीत नाव नाही, खुर्ची दुसऱ्याला गेली. म्हटलं, न्यूमोनियानं आठ दिवस इस्पितळात होते हो, हे बघा कागद. तर म्हणतो, कॉम्प्युटरनं काढलंय, मी काय करू? तुमचाच ना गं तो कॉम्प्युटर?"

मागून दादाचा आवाज आला. दर दोन शब्दांनी त्याला दम लागत होता. "तिला म्हणावं... घरच्या माणसाला तरी... ओळख दे."

दादाचं शेवटचं डायलिसिस इस्पितळात झालं होतं. त्याला आज चार दिवस झाले.

डायलिसिस केंद्राची यादी चालवणारे सगळे नियम तिनंच लिहिले होते. कुणाला खुर्ची, कुणाला कुठली पाळी, कुणाचं नाव काढायचं. तिनं स्क्रीनवर दादाचं नाव घातलं आणि एकेक नियम कसा चालला ते पाहत गेली. आधी क्रमांक पाच चालला. नाव गेलं. मग क्रमांक एकची पाळी आली. त्यानं यादीत नाव शोधलं, सापडलं नाही, तो गप्प बसला. कुठेही लाल अक्षर नाही. चूक झालीच नव्हती. नुसता क्रम उलटा होता.

जुन्या यंत्रणेत लहान आकडा आधी चालायचा. सात महिन्यांपूर्वी नवी आली, तिच्यात मोठा आकडा आधी चालतो. तिनं बाकीचे आकडे बदलले होते. हे दोन राहिले. इस्पितळाच्या सवलतीला तिनं पूर्वी मुद्दाम एक दिला होता, काहीही झालं तरी तीच पहिली चालावी म्हणून.

साहेब चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभे होते.

"सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. आज हात लावलास तर लोक म्हणतील, भावासाठी केलं."

"भावासाठीच करतेय, सर. तो नसता तर मी उघडूनसुद्धा पाहिलं नसतं."

तिनं एकाचे शंभर केले आणि सातही महिन्यांची यादी पहिल्यापासून चालवली. दादाचं नाव परत आलं. त्याच्या वर आणखी सहा नावं आली, ज्याचं आधी गेलं ते आधी. खुर्ची एकच रिकामी होती, फाटक्या हाताची. तिनं वहिनीला फोन केला. "दादा सातवा आहे गं. इस्पितळात परत घेतात का विचार."

साडेतीनला खिडकीवरच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या भावाला आत्ताच आत घेतो."

"त्याच्या वर सहा जण आहेत."

"सहाही घरी फोन लावला मी. दोघांना दुसरीकडे जागा मिळालीय. बाकी चार घरांतून विचारलं, आता खुर्ची कुणासाठी?"

संध्याकाळी दादा निळ्या खुर्चीत झोपला होता. वहिनीनं फोटो पाठवला. चिकटपट्टीवर त्याचा हात होता. खाली तिनं लिहिलं होतं, 'तू होतीस म्हणून.'

सहा नावांतल्या पहिल्या बाईंच्या मुलीचं पत्र पाच महिन्यांपूर्वी तिच्याकडे आलं होतं: आई इस्पितळात असताना तिचं नाव कसं वगळलं? त्याच दिवशी तिनं उत्तर पाठवलं होतं: 'तपासले. सवलतीचा नियम क्रमांक एकवरच आहे.'