लांबट भोकं

"घे, विकून टाक," म्हणत मेरलने रायफल टेबलावर ठेवली. शेजारी नेमबाजीच्या सरावाचा कागद टाकला. "माझे डोळे गेले. आमच्या घराण्यातच आहे ते. गेल्या वर्षी थोरल्या भावाचे गेले, यंदा माझे."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या रूबेनने कागद उजेडात धरला. पाच भोकं, पाच दिशांना. मेरल खिडकीबाहेर बघत राहिला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्याच्या लसूणघासात खारींनी उच्छाद मांडला होता आणि त्या टिपणारं घरात कोणी उरलं नव्हतं. थोरल्या अल्टनला त्यानेच बंदूक खाली ठेवायला लावली होती. चारचौघांत म्हणाला होता, "दादा, तुला समोरचं कोठारसुद्धा दिसायचं नाही!" वर गाडीच्या किल्ल्याही काढून घेतल्या.  महिन्याभरात अल्टन तालुक्याच्या वृद्धाश्रमात राहायला गेला.

"डोळे कसले गेले, लेका!" रूबेन म्हणाला. "डोळे चुकले तर भोक भलतीकडे पडतं, पण गोल पडतं. ही बघ, लांबट. गोळी आडवी होऊन घुसलीय. तांब्याची वापरलीस ना?"

"मग काय करू? मेलेल्या खारी खाऊन गरुडांना शिसं बाधतं म्हणून शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे."

"तांबं हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला सरळ जायला गिरकी जास्त लागते. तुझी नळी गोळीला चौदा इंचांत एक फेरा देते. शिशाच्या बुटक्या गोळीला तो पुरायचा. हिला आठ इंचांत फेरा देणारी नळी हवी. नाहीतर हलकी, आखूड गोळी घे. बोल, काय करायचं?"

मेरल खो खो हसला. केवढं मोठं ओझं उतरलं होतं! त्याने रायफल पुन्हा जवळ ओढली आणि कागदावरच्या एका भोकावर बोट ठेवलं.

"अल्टनच्या कागदावरही भोकं लांबटच होती."

"असणारच. दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या जोडरायफली त्या."

"दोन नळ्या मागव. आठ इंचांच्या फेऱ्याच्या. एक दादाला."

रूबेनने लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवली. "पण काय रे, बंदी तर तेव्हाही होती. मग गेल्या वर्षी तुझा नेम कसा लागत होता?"

मेरलने टोपी काढली. शरमेने त्याची मान वर होईना.

"कायदा दादाने पाळला," तो म्हणाला. "माझ्याकडे शिशाच्या गोळ्यांच्या जुन्या पेट्या होत्या. त्या यंदा संपल्या."