लाल गाडी

मुरब्याच्या जमनाबाई बोईसरला जुन्या गाड्या बघायला आल्या होत्या. घरच्या गाडीतून मुलगा भावेश कंपनीत जायचा. तिच्यात तो मासळीच्या पाट्या ठेवू देत नसे. म्हणून ही दुसरी, दोन लाखांतली.

सोबत आलेल्या भावेशने पांढरी पसंत केली. जमनाबाईंनी आधी तिच्या, मग लाल गाडीच्या डिकीत आपली पाटी ठेवून पाहिली.

“पाट्या दोन्हीत मावतात. मग लाल का नको? गाणी पण वाजतात हिच्यात.”

गाडीवाला भावेशला म्हणाला, “साहेब, मासळीचा वास लागला तर पुढे विकली जाणार नाय.”

“विकायला मी मासळी घेते, गाडी नाय,” जमनाबाई म्हणाल्या. मग कमरेच्या बटव्यातून आपलं नवंकोरं लायसन काढून त्यांनी गाडीवाल्यापुढे धरलं. “आण चावी. चालवून बघते.”